वरचा सा

रविवार, १० ऑगस्ट

अनुयाला हो म्हणून बसले आणि तेव्हापासून पस्तावतेय.

इथे सिंगापुरात हौगांगला तिच्या काँडोच्या फंक्शन रूममध्ये आमची मराठी मंडळी अधूनमधून जमतात. कुणीतरी एक संगीतकार निवडतं, त्याच्याविषयी तासभर बोलतं, थोडं ऐकवतं आणि मग खाणं. सप्टेंबरची पाळी माझी. कोण घेणार, असं तिनं विचारलं आणि माझ्या तोंडून ‘गाब्रिएल फोरे’ निघून गेलं. फ्रेंच, शंभरेक वर्षांपूर्वी वारलेला, फारसा कुणाला माहीत नसलेला. तो मला आवडतो म्हणजे नक्की का आवडतो, हे लिहायला बसले तर अर्धं पानही भरलं नाही.

एक कारण मात्र खरं आहे. हा मुलगा लहानपणी पेटीवर बसायचा. वडील शिक्षक घडवणाऱ्या शाळेचे प्रमुख, शेजारी एक छोटं चर्च, त्यात एक पेटी. हा वेळ मिळाला की तिथे जाऊन वाजवायचा. मीही शाळेत जायच्या आधी पेटीवरच बसले होते, बाबांच्या मांडीवरून.

मला बाबांनी पेटी शिकवली आणि आत्यानं गाणं. साधनाआत्या, बाबांची थोरली बहीण. पुण्यात ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. मी बारा वर्षांची असताना ती आणि तिचे यजमान सुबोधकाका इकडे आले. दोन वर्षांपूर्वी मला वन-नॉर्थला नोकरी लागली तेव्हा बुकित बातोकच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांनी मला दिली. शनिवारी सकाळी हॉलमध्ये घरातल्याच पेटीवर आत्याचा मुलांसाठी गाण्याचा क्लास भरतो.

फोरेनं शब्दच नसलेलं एक गाणं लिहिलंय, नुसतं ‘आ’कारात गायचं. मी धीर करून आत्याला विचारलं, तू गाशील का, मी पेटीवर साथ करते. ती म्हणाली, “गाते.” गेली तीन वर्षं ती चारचौघांत गायलेली नाही. लाउडस्पीकर फार मोठे लावतात म्हणून कंटाळा आला, म्हणते.

सुबोधकाका म्हणाले, “फोरे? मोऱ्यांपैकी का?”

माझं काय व्हायचं ते होवो. आत्याचं गाणं माझ्यामुळे बिघडता कामा नये.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

पहिली तालीम. आत्या वरच्या ‘सा’पाशी पोचली आणि थांबली. “पेटी उतरलीय.”

मला तसं वाटलं नव्हतं. पण मला वाटण्याला काय अर्थ आहे? आमच्या घरात कुणाचंही भांडण सुरावरून असेल तर निकाल आत्या द्यायची. बाबासुद्धा पेटी लावून झाली की वर तिच्याकडे घेऊन जायचे आणि ती मान हलवेपर्यंत खाली आणायचे नाहीत.

“तुला काय वाटतं?” तिनं विचारलं.

“तू म्हणतेस तर उतरलीच असेल.”

ती चहा ठेवायला आत गेली.

रविवार, १७ ऑगस्ट

पेटी उघडली. आत पितळेच्या पातळ जिभा असतात, एकेका पट्टीखाली एकेक, त्यांनाच आम्ही सूर म्हणतो. टोकाशी कानस फिरवली की सूर चढतो, बुडाशी फिरवली की उतरतो. बाबांनी हे मला शिकवलंय. हात अगदी हलका ठेवावा लागतो, कारण घासलेलं पितळ परत येत नाही.

मनाच्या समाधानासाठी आधी फोनवरच्या अ‍ॅपनं तपासलं. अ‍ॅप म्हणत होतं, वरचे सूर बरोबर आहेत. जरा घुटमळले. पण अ‍ॅपचे स्वर म्हणजे पियानोचे, सारख्या मापानं कापलेले. आपला गंधार त्याच्या गंधारापेक्षा वेगळा असतोच. आणि इथली दमट हवा. ही दोन कारणं मला पुरली. आत्याला समोर बसवून, ती “अजून, अजून” म्हणेल तसे वरच्या सप्तकातले सूर चढवले. शेवटी तिनं मान हलवली. चेहरा एकदम मोकळा झाला. मलाही बरं वाटलं.

बुधवार, २० ऑगस्ट

ऑफिस सुटल्यावर एस्प्लनेडच्या लायब्ररीत. नोंदी:

हार्मोनियम पॅरिसलाच जन्माला आली, फोरेच्या जन्माच्या दोन-तीन वर्षं आधी. म्हणजे तो आणि पेटी जवळजवळ एका वयाचे. हे वाक्य मला आवडलं, म्हणून दोन पुस्तकांत तपासलं. चालेल.

त्या चर्चमध्ये एक आंधळी म्हातारी बाई येऊन त्याचं वाजवणं ऐकायची. तिनंच वडिलांना सांगितलं की पोराच्या हातात काहीतरी आहे. नवव्या वर्षी त्याला पॅरिसला शिकायला पाठवलं. पुढे त्यानंच म्हातारपणी ही आठवण सांगितलीय. त्या बाईचं नाव मला कुठे सापडलं नाही. ‘नाव माहीत नाही’ असंच म्हणेन.

आत्याला सांगितलं तर म्हणाली, “बाईला दिसत नव्हतं म्हणूनच नीट ऐकू आलं असेल.” मग जरा वेळानं, “आणि वडिलांना एवढी मोठी माणसं भेटत असतील, त्यांनी हिचं कसं काय ऐकलं?”

रविवार, २४ ऑगस्ट

आज खर्ज. आत्या म्हणते खालचे सूर चढलेत. पुन्हा पेटी उघडली, यावेळी बुडाशी कानस. मध्ये तिनं दोनदा विचारलं, “वल्ली, तुला खरंच चढलेले वाटतायत ना?” मी दोन्ही वेळा हो म्हटलं. तिला माझ्या कानाची परीक्षा घ्यायची आहे हे कळत होतं आणि मला नापास व्हायचं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला आता काहीच नीट कळेनासं झालंय. ऑफिसमध्ये लिफ्टची घंटासुद्धा बेसूर वाटते.

आत्यानं इलेक्ट्रॉनिक तानपुरा माळ्यावर ठेवायला लावला. म्हणे त्याचा पंचम बिघडलाय.

शनिवार, ३० ऑगस्ट

घरी गणपती होते त्यामुळे चार दिवस लिहिलं नाही. आरतीला पेटी मी वाजवली. काकांचे ऑफिसातले एक गृहस्थ दर कडव्याला माझ्याकडे वळून बघत होते. भाव खाऊन वाजवते असं वाटलं असेल त्यांना.

क्लासनंतर तिथे शिकणाऱ्या क्षिप्राची आई, नीता, थांबली होती. क्षिप्राच्या शाळेतल्या क्वायरच्या टीचर म्हणतात, ती वरच्या पट्टीत हल्ली चढी गाते. आधी असं नव्हतं. नीता बिचारी माफी मागितल्यासारखी बोलत होती. काका आत फोनवर होते, आत्या त्यांच्याजवळ होती, तिला ऐकू गेलं नाही. मी नीताला हार्मोनियमचे शुद्ध स्वर आणि पियानोचे स्वर यांतला फरक समजावून सांगितला. ती म्हणाली, “ओके, ओके, तुम्हालाच जास्त माहीत.”

आत्याला सांगितलं नाही. उगीच मनाला लावून घेईल.

फोन हल्ली काकाच घेतात. आत्याला फोनवर बोलायचा कंटाळा.

गुरुवार, ४ सप्टेंबर

भाषणातला सगळ्यात अवघड भाग आज लिहिला. चारदा खोडला.

साठीच्या सुमाराला फोरे पॅरिसच्या सर्वांत मोठ्या संगीतशाळेचा प्रमुख झाला आणि त्याच वेळी त्याचे कान जायला लागले. नुसतं कमी ऐकू येणं नव्हे. जे ऐकू यायचं ते वाकडं. ते मराठीत कसं सांगावं यावर संध्याकाळ गेली. शेवटी असं लिहिलं: ‘त्याला वरचे स्वर उतरलेले ऐकू येत आणि खालचे चढलेले. मधले तेवढे जागेवर असत, पण मंद. स्वतःचं संगीत ऐकणं हा त्याला छळ होऊ लागला.’ हे बरोबर आहे, दोन पुस्तकांत सारखंच आहे.

शाळेत कळलं तर पद जाईल म्हणून तो ते लपवत राहिला. जवळच्यांना ठाऊक होतं. त्यांनीही लपवलं. आणि याच वीस वर्षांत त्यानं आपलं सगळ्यात स्वच्छ काम केलं. हे कसं शक्य झालं, याचं उत्तर मला देता येत नाही. ‘आतला कान’ वगैरे लिहिलं होतं, ते खोडलं. मला त्यातलं काही माहीत नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

पेटी पुन्हा. वरचे तीन-चार सूर अजून थोडे. पितळ आता टोकाशी इतकं पातळ झालंय की मला भीती वाटते. आत्याला तसं सांगितलं.

“मग नको म्हण ना,” ती म्हणाली.

“अगं, पातळ झालंय एवढंच म्हणतेय. तुला हवंय तर करते.”

“मला हवंय म्हणून?”

“मग कशासाठी?”

ती जरा चिडल्यासारखी वाटली. मी जपून केलं, काही तुटलं नाही.

नंतर भाजी निवडताना तिनं फोरेचं विचारलं. त्याला कळलं कसं, की बिघाड कानात आहे, वाद्यात नाही? कुणी सांगितलं त्याला? मी म्हटलं, ते पुस्तकात नाही. तिला उत्तर पुरलं नसावं. “नीट शोध,” म्हणाली. मी लायब्ररीत आणखी एक पुस्तक राखून ठेवायला सांगितलंय.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज फार वाईट झालं.

अनुयानं सुचवलं होतं की गाण्याला नुसती पेटी नको, मुकुलचा कीबोर्डही असू दे. मुकुल बँकेत आहे, इथेच वाढलेला, लहानपणापासून पियानोच्या परीक्षा दिलेला. दुपारी तो घरी आला. आत्या गायली, मी पेटी धरली, त्यानं कीबोर्ड. मधल्या सप्तकात छान चाललं होतं. आत्या वर गेली, मी तिच्याबरोबर वर गेले, आणि मुकुलचा हात थांबला. त्यानं कीबोर्डची बटणं बघितली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच.

“सॉरी हं आंटी, माझंच काहीतरी,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, “तुझी पेटी आउट आहे का? लाइक, बराच आउट?”

“आत्यानं लावून घेतलीय,” मी म्हटलं.

“आय नो, बट ऐक ना.” त्यानं त्याचा वरचा सा दाबून धरला. मी माझा दाबला. दोन सुरांच्या मध्ये घरघर सुरू झाली, पंखा घासतो तशी.

मी म्हटलं, “कीबोर्डचे स्वर सारख्या मापाचे असतात. आपले वेगळे.”

“सा पण वेगळा असतो?”

सा वेगळा नसतो. हे पाच वर्षांच्या पोराला कळतं, मलाही पाचव्या वर्षी कळलं होतं.

आत्या आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. एकदा याच्या, एकदा माझ्या. आम्ही काय बोलतोय ते तिला ऐकू आलं नव्हतं हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय. मुकुल गेल्यावर मी तिला म्हटलं, त्या कीबोर्डचं आपल्या गाण्याशी जमत नाही, आपण दोघीच करू. ती म्हणाली, “बरं.”

मला मुकुलचा राग आलाय. आणि राग येण्यासारखं त्यानं काही केलेलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळी आत्या म्हणाली, तुझं भाषण वाचून दाखव, वेळ लावू. काका बाजारात गेले होते. ती समोर खुर्ची ओढून बसली, अगदी जवळ. मी वाचू लागले. पेटी, चर्च, आंधळी बाई, पॅरिस. वाचता वाचता त्या वाक्याशी आले. त्याला वरचे स्वर उतरलेले ऐकू येत आणि खालचे चढलेले.

दहा दिवस हे वाक्य माझ्याजवळ होतं. शब्द चांगला बसावा म्हणून मी ते चारदा लिहिलं होतं, आणि मधल्या रविवारी कानस घेऊन बसले होते.

“पुन्हा वाच,” आत्या म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

“हां,” ती म्हणाली. “असंच.”

खाली कुणीतरी बास्केटबॉल आपटत होतं. मी म्हटलं, “आत्या, तुला ठाऊक होतं?”

“ठाऊक असतं तर विचारलं असतं का?” तिचा आवाज चढला नाही. “वर्षभर शंका येतेय. अ‍ॅप बघितलं मी, ते म्हणतं पेटी बरोबर आहे. म्हटलं, अ‍ॅपला काय कळतंय. काकांना विचारण्यात अर्थ नाही, त्यांना सायरन आणि सनई एकच. म्हटलं वल्लीला विचारावं. तिला कान मी दिलाय, तो खोटं बोलणार नाही. पेटी उतरलीय म्हटलं. तू नाही म्हणाली असतीस तर त्याच दिवशी मला कळलं असतं.”

“मला वाटलं तू माझी परीक्षा घेतेयस.”

“घेत नव्हते गं. माझीच देत होते. आणि तू पेटीच घासून आणलीस. मला इतकं हलकं वाटलं त्या दिवशी. म्हटलं, चला, वाद्यच बिघडलं होतं. तरी मन मानेना, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा तू घासून आणलीस. मी विचारतेय आणि तू पितळ कापतेयस.”

मी रडू लागले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, “त्या परदेशी माणसाच्या जन्मतारखेसाठी तू लायब्ररीत दोन-दोन पुस्तकं बघतेस. माझ्या ‘सा’पुरतं एकदा तुझ्याच कानाला विचारायचं होतंस.”

काका भाजी घेऊन आले. आमच्याकडे बघून म्हणाले, “काय झालं, मोऱ्यांकडे कुणी गेलं का?” आत्या हसली. मग तिनं त्यांना सांगितलं. ते पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले.

बुधवार, १७ सप्टेंबर

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. दोष दोन्ही कानांत आहे, वयाचा आहे, डाव्यात जास्त. यंत्रानं बोलणं ऐकू येईल. स्वर जागेवर येतील का, यावर डॉक्टरीणबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, सांगता येत नाही.

येताना एमआरटी मेट्रोत आत्या म्हणाली, क्लास बंद करावा लागेल. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, “हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेयस की तुला तसं वाटतंय?”

मी विचार करून सांगते म्हटलं. माझ्या मते हे माझं गेल्या महिनाभरातलं पहिलं खरं उत्तर.

रविवार, २१ सप्टेंबर

पेटी परत लावली. आता वर बुडाशी आणि खाली टोकाशी, म्हणजे उलटं. आत्या शेजारी बसली पण बोलली नाही. मी प्रत्येक सूर आधी कानानं ठरवला आणि मग अ‍ॅपला विचारलं. बहुतेक वेळा आमचं जमलं. वरचा एक सूर मात्र कानस लावताच तुटला. बाबांना फोन करून नवा मागवलाय. काय झालं ते त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी तरी काय करायचो, तिच्याकडे पेटी वर घेऊनच जायचो ना.”

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर तिला दिलं. क्लास बंद करू नये, असं मला वाटतं. बंदिश, शब्द, लय, कुठे श्वास घ्यायचा, हे तिच्यासारखं मला येत नाही. वरचे आणि खालचे स्वर तपासायला मी बसेन. पण मुलांच्या आयांना हे सांगावं लागेल, लपवायचं असेल तर मी बसणार नाही.

“विचार करून सांगते,” आत्या म्हणाली.

शनिवार, २७ सप्टेंबर

कार्यक्रम झाला. आत्या गायली नाही. शब्द नसलेलं गाणं मुकुलनं कीबोर्डवर एकट्यानं वाजवलं, सुरेख वाजवलं. मी त्याची माफी मागितली. तो इथल्या ढंगात म्हणाला, “कम ऑन, नथिंग लाह. मला वाटलं मीच चुकतोय.”

भाषणाचा शेवट बदलला होता. फोरेची शेवटची रचना चार तंतुवाद्यांसाठी आहे, मरणाच्या दोन महिने आधी पुरी केलेली. ती त्यानं कधीच ऐकली नाही. त्यानं सांगून ठेवलं होतं की आधी थोड्या जुन्या मित्रांसमोर वाजवा, जे नेहमी माझं सगळ्यात आधी ऐकत आलेत. छापायची की नष्ट करायची ते त्यांना ठरवू द्या. एवढं सांगितलं आणि तिचा एक भाग लावला. वर काही बोलले नाही. आधी इथे मी ‘दैवी’ असा शब्द घातला होता.

आत्या पहिल्या रांगेत होती, नवं यंत्र कानात. परत येताना टॅक्सीत मी विचारलं, कसं ऐकू आलं. म्हणाली, “वाकडं. पण त्यानं मित्र चांगले धरले होते.” आणि जरा वेळानं, “येत्या शनिवारी मी आयांना सांगते.”

शनिवार, ४ ऑक्टोबर

क्लासच्या आधी आत्यानं सगळ्या आयांना थांबवून घेतलं. दोन मुलांचे बाबाही होते. तिनं उभं राहून सांगितलं. माझा कान बिघडलाय. वरचे स्वर मला खाली ऐकू येतात. ऑगस्टपासून मुलांना चुकीच्या पेटीवर शिकवलंय, ते आम्ही दुरुस्त करू. ज्यांना मुलं काढून घ्यायची असतील त्यांनी खुशाल घ्यावीत, मला राग नाही. यापुढे स्वर बरोबर की चूक ते वल्लरी सांगेल.

नीता मान खाली घालून पर्सचा बंद ओढत होती. एक बाई मुलीला घेऊन निघून गेल्या, पुढच्या शनिवारी कळवते म्हणाल्या. बाकीचे बसले.

मला वाटलं झालं. पण आत्या मुलांसमोर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, “सा धर.” मी धरला. ती खालच्या ‘सा’पासून सरळ वर गेली आणि वरच्या ‘सा’वर थांबली. आवाज अजून तसाच आहे, रुंद. मग माझ्याकडे वळली. “सांग.”

सगळे बघत होते. माझ्या आयुष्यात मी तिला कधी असं काही म्हटलेलं नाही, या घरात कुणीच म्हटलेलं नाही.

“चढला,” मी म्हणाले.

क्षिप्रानं विचारलं, “टीचर ऑल्सो राँग, आह?”

“टीचर ऑल्सो,” आत्या म्हणाली आणि पुन्हा वर गेली. “आता?”

“अजून चढा आहे.”

तिसऱ्यांदा ती जवळ आली, इतकी जवळ की सोडून द्यावं असं मनात आलं. आया ऐकत होत्या, तिच्या कपाळावर घाम होता. “थोडासा,” मी म्हटलं. “अगदी थोडासा चढा.”

तिनं डोळे मिटले. गळा जिथे जाऊ म्हणतो तिथून तिनं तो खाली ओढून आणला. तिच्या कानाला ते चूकच वाटत असणार. चूक वाटतंय तिथेच ती थांबली.

“लागला,” मी म्हणाले.

तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघत राहिले, तिला बरं वाटावं म्हणून मान हलवली नाही, हसले नाही. मग ती मुलांकडे वळली आणि म्हणाली, “ऐकलात ना? हा सा. आता तुम्ही.”